पाठीवरचा निळा पट्टा

भट्टीवाले आणि बर्फवाले, या दोन ड्रॅगन घराण्यांतून विस्तव जात नव्हता. का, म्हणून विचाराल तर एकालाही धड सांगता यायचं नाही. पण एकमेकांच्या नावाने बोटं मोडणं पिढ्यान्‌पिढ्या चालू. एरवी माणसांच्या रूपात हे बाटल्यांच्या कारखान्यात काच फुंकायचे आणि ते बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचे.

भट्टीवाल्यांतली काचवाली चाळिशीची. तिचं एका बर्फवाल्याशी चौदा वर्षं चोरून चाललं होतं. चाललं होतं म्हणजे काय, तर दुपारी पाळी बदलताना बंद पडलेल्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत अर्धा तास. त्यातली दहा मिनिटं दोघं बसल्या बसल्या पेंगायची. प्रेमालाही अंगात त्राण लागतं हो!

वर्षातून एकदा ड्रॅगन होऊन कात टाकायची. पाठीला स्वतःचा पंजा पोचत नाही, म्हणून पाठ घरच्याच माणसाने सोलायची, असा दंडक. कारण खालची नवी कातडी ओली असते, आणि ज्याचा हात लागेल त्याच्या घराण्याचा रंग ती धरते. काचवालीची पाठ दरवर्षी आत्या सोलायची. यंदा कात चार दिवस आधीच सुटली, तीही नेमकी त्या खोलीत. खाजेने जीव नकोसा झाला.

"जरा ओढ रे एवढं," ती म्हणाली. त्यानेही ओढलं. दोघं इतकी दमलेली, की दंडक आठवेपर्यंत तिच्या तांबड्या पाठीवर वीतभर निळा पट्टा उमटला होता.

"झालं! हात दाखवून अवलक्षण," बर्फवाल्याने कपाळावर हात मारला. "चल, पळून जाऊ."

"कुठे? आणि पळवत नाही रे आता."

रविवारी दुपारी सगळ्या घराण्यासमोर नवी पाठ दाखवायची होती. परका रंग दिसला, की भट्टी बंद, घर बंद, आईचं तोंडसुद्धा पुन्हा बघायचं नाही.

रविवारी आत्याने तिला दरवर्षीसारखी पाठ सोलायला आधी एकटीला गोदामात घेतलं. पाठ पाहिली आणि आत्या मटकन खालीच बसली.

"कोण तो मेला?"

"चांगला आहे गं."

"चांगला असून काय जाळायचाय!" आत्या गुडघे धरत उठली. लोखंडी खरवडणी हातात घेऊन म्हणाली, "हे फडकं दातात धर. दुखेल, पण दोन ओढींत निघेल. भट्टीत भाजलं म्हणून सांगू. कुणाला पत्ता लागायचा नाही."

काचवालीने फडकं दातात धरलं. खरवडणी पाठीला लागली. चौदा वर्षांत त्याचा एक फोटो नाही, चिठ्ठी नाही. सापडेल या भीतीने काही ठेवलंच नव्हतं. तिने फडकं थुंकून टाकलं.

"राहू दे, आत्या."

"डोकं फिरलंय का? बाहेर आई बसलीय तुझी!"

"माहितीय. पण त्याचं माझ्याकडे एवढंच आहे. आणि लपवून लपवून दमले गं मी."

आत्याने शिव्या घातल्या, मग रडली, मग पुन्हा शिव्या घातल्या. खरवडणी मात्र तिने खाली ठेवली.

दार काचवालीनेच ढकललं. पहिल्याच ओळीत आई होती. काचवालीने तिला डोळे भरून पाहून घेतलं, आणि मग सगळ्यांकडे पाठ केली.