चपलांच्या कपाटावरचा दिवा

परदेशातून परतलेल्या माणसाला प्रवास कसा झाला, हे आधी कोणी विचारत नाही. काय आणलं, हे विचारतात. महेश्वरीला हे ठाऊक होतं, म्हणून थायलंडच्या सहलीत ती प्रत्येक बाजारात यादी हातात धरूनच फिरली. नणंदांना रेशमी बटवे, शेजाऱ्यांना फुलांच्या आकाराचे कोरीव साबण, कॉलेजच्या स्टाफरूमला फ्रिजवर चिकटणारे हत्ती. धाराशिवला परतल्यावर दोन दिवसांत वाटप उरकलं आणि सगळे खूश झाले.

एक वस्तू मात्र वाटायची नव्हती. वीतभर उंचीची, एका लाकडात कोरलेली, डोळे मिटून बसलेली बुद्धमूर्ती. ती तिच्या नवऱ्याला, विरेशला, नव्या घरासाठी हवी होती.

ती मूर्ती एका म्हातारीच्या दुकानातली. तिचा मुलगा मागे बसून कोरत होता आणि ती पुढे बसून विकत होती. गाइडने सांगितलं होतं की इथले लोक मूर्ती विकत घेतली असं म्हणत नाहीत, भाड्याने घेतली म्हणतात. तिची मालकी कोणाकडे जात नाही. म्हातारीने आधी एकच गोष्ट विचारली. कुठे ठेवणार?

"देवघरात," विरेशने सांगून टाकलं.

आदल्या दिवशी हॉटेलात बसून त्याने कागदावर बुद्धमूर्तीच्या दिव्याचं चित्र काढलं होतं. महेश्वरीने ते पाहिलं होतं. तरी गाइड भाषांतर करत असताना तिने मान डोलावली. म्हातारीने मूर्ती कपाळाला लावली, पिवळ्या कापडात गुंडाळली आणि हात डोक्याच्या वर नेऊन दाखवलं. इतकी उंच ठेवा.

विरेशचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. परत आल्यावर त्याने स्वतःच्या हाताने मूर्तीच्या माथ्यात ड्रिलने भोक पाडलं, त्यातून वायर घातली आणि वर छोटा बल्ब बसवला. नव्या घराच्या दारात चपलांचं कपाट होतं. त्यावर ती ठेवली. कोणी समोर आलं की दिवा आपोआप लागायचा. पाहुणे चपला काढायला वाकले की समोर हेच. गृहप्रवेशाच्या सकाळी पन्नास माणसांनी त्याचं कौतुक केलं. मग बाराच्या सुमाराला पौर्णिमा आली, वडिलांना घेऊन.

पौर्णिमा महेश्वरीच्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. अकरा वर्षं दोघी एका बाकावर बसून डबा खात होत्या. तिचे वडील आबाराव एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, बेंबळीला राहणारे. महेश्वरीने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. ते चपला काढायला वाकले. दिवा लागला.

ते तसेच थांबले. मग त्यांनी चष्मा लावला आणि मूर्तीच्या माथ्याकडे नीट पाहिलं, जन्मभर यंत्रं पाहिलेल्या माणसाने पाहावं तसं.

"सहा एमएमचं ड्रिल," ते म्हणाले. "लई जोरात दाबलंय. लाकूड कानापर्यंत तडकलंय."

विरेश हसत पुढे आला. शोपीस आहे हो काका, म्हणाला, खास तिकडून आणलंय, लाइट लावल्यावर कशी झळाळी आली बघा. आबारावांनी त्याच्याकडे पाहिलं. अर्धी काढलेली चप्पल त्यांनी परत पायात सरकवली आणि ते फाटकाकडे चालू लागले. पौर्णिमा क्षणभर मागे राहिली.

"माझ्या घरी समोरच्या भिंतीवर कोण आहे, तुला माहीत आहे," ती महेश्वरीला म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "अकरा वर्षं माहीत आहे."

आणि तीही गेली.

महेश्वरीला पहिल्यांदा आला तो रागच. पन्नास माणसांसमोर, शुभकार्याच्या दिवशी, न जेवता निघून जायचं? विरेशने तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "या लोकांना कशाचंही वाईट वाटतं."

स्वयंपाकघराच्या दारातून विरेशची आई, सिद्धम्मा, पुढे आली. वय अठ्ठ्याहत्तर. सकाळची मधुमेहाची गोळी घेऊन झालेली, आणि डॉक्टरांनी बजावलेलं की गोळीनंतर उपाशी राहायचं नाही.

"कोन ही लोकं?" तिने विचारलं. "नाव घेऊन सांग."

सिद्धम्माने मूर्तीजवळ जाऊन माथ्यावरून बोट फिरवलं. मग गळ्यातली चांदीची डबी पदराबाहेर काढली. त्यात तिचं इष्टलिंग होतं, लिंगायतांनी जन्मभर अंगावर बाळगायचं. लहानपणी दीक्षेच्या दिवशी गळ्यात आलेलं, एक दिवसही अंगावेगळं न झालेलं.

"हे कदी भुईवर टेकवलं न्हाय म्या. मेल्यावर माझ्या हातात देऊन मला पुरणार तुमी. उद्या कुनी परदेशी आला, देवघरात ठेवतो म्हनून हे घेऊन गेला, आन भोक पाडून गाडीच्या किल्लीला अडकवलं, तर काय करशील?"

"अव्वा, तसं नसतं ते."

"मग कसं असतं? आपलं ते लिंग आन त्यांचा तो शोपीस?"

सिद्धम्मा म्हणाली, दारातून पाहुणा उपाशी गेला. तो जेवल्याशिवाय माझ्या तोंडात घास जाणार नाही. आणि ती भिंतीला टेकून बसली.

दुपारचे दोन वाजले, तीन वाजले. पंगती उठल्या. महेश्वरी ताट घेऊन दोनदा गेली. सिद्धम्माने ताट सरकवून दिलं. साडेतीनला तिचे हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला. साखर उतरत होती. साखरपाण्याचा पेला महेश्वरीने ओठांशी धरला, तर सिद्धम्माने दोन घोट घेऊन तोंड फिरवलं. महेश्वरी रसायनशास्त्राची. ग्लुकोज शिकवताना, साखर उतरल्यावर मेंदूचं काय होतं हे ती वर्गात सांगायची, आणि आता तेच समोर घडताना पाहत होती. दोन घोट किती वेळ पुरतील, याचा हिशेब तिला नको असताना सुचत होता.

त्या क्षणी तिचा राग फिरला. पौर्णिमावरचा, आबारावांवरचा राग कुठल्या कुठे गेला आणि तिला थायलंडची ती म्हातारी दिसली, पिवळं कापड गुंडाळणारी. तिने विचारलं होतं आणि आपण मान डोलावली होती. खोटं नवरा बोलला, पण साक्ष आपण दिली होती!

तिने नणंदांना सिद्धम्माजवळ बसवलं आणि वायर उपटून काढली. मूर्ती साडीच्या पदरात घेतली, सिद्धम्माने आबारावांसाठी भरायला सांगितलेला हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, डबा घेतला आणि विरेशला म्हणाली, गाडी काढ. तो कुरकुरला नाही. आईकडे पाहण्याची त्याची हिंमत होत नव्हती.

बेंबळीला आबाराव ओसरीत बसले होते. महेश्वरीने सगळं सांगितलं. दुकान, प्रश्न, खोटं उत्तर, आपली मान. एक शब्द गाळला नाही, आणि मूर्ती त्यांच्यापुढे धरली. विरेश खाली मान घालून म्हणाला, "चुकलं काका. पुट्टी भरून पॉलिश मारतो. भोक दिसायचं पण नाही."

"बुजवू नका," आबाराव म्हणाले. "दिसू द्या. आन मला कशाला देता मूर्ती? त्या बाईला शब्द तुमी दिलाय. तुमच्या घरात, उंचावर ठेवा. तिनं दाखवलं तितक्या."

पौर्णिमा दारात उभी होती. महेश्वरीने तिच्याकडे पाहिलं.

"माझा राग गेलेला नाही," पौर्णिमा म्हणाली. "जायला वेळ लागेल."

मग महेश्वरीने सिद्धम्माचं सांगितलं. आबाराव ताडकन उठले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गोळी घेऊन, दिवसभर उपाशी? आधी का नाही सांगितलं, म्हणून ते दोघांवर भडकले. त्यांनी डबा उघडला, उभ्यानेच हुग्गीचा घास घेतला आणि विरेशचा फोन कानाला लावला.

"आक्का, म्या बेंबळीचा आबाराव. जेवतोय बघा. तुमीबी जेवा आता. आन हुग्गीत गूळ कमी पडलाय."

पलीकडून सिद्धम्मा काय बोलली कोणाला ऐकू आलं नाही, पण आबाराव पहिल्यांदा हसले.

मूर्ती आज त्या घरात देवघराच्या वरच्या फळीवर आहे. भोक तसंच आहे, कानापर्यंतचा तडाही. नवा पाहुणा विचारतो, हे कशाचं? महेश्वरी सांगते, सगळं सांगते, आपण मान डोलावली तेही. पौर्णिमाचा डबा महिनाभर वेगळ्या बाकावर होता. आता परत जवळ येतो.

आपण प्रवासाला जातो, बाजारात फिरतो, आवडेल ते उचलतो. उचलावं. पण हातात घेतलेली वस्तू कोणी कपाळाला लावून देत असेल, तर ती आपल्या घरात शोभा होत नाही, जबाबदारी होते. आणि ज्याची श्रद्धा आपण चपलांशेजारी मांडतो, तो माणूस दूरदेशीचा नसतो. तो आपल्याच दारात चपला काढायला वाकलेला असतो.