क्रिसान्तोकाकाच्या शेतातलं टेंगूळ

विमान आमच्या जंगलावर घिरट्या घालायला लागलं तेव्हाच क्रिसान्तोकाकाला गडबडीचा वास आला. "एवढं तर गिधाडही फिरत नाही," तो म्हणाला.

पुढे शाळेच्या भिंतीवर नकाशा लागला. विमानातल्या किरणांनी झाडं वगळून नुसती जमीन टिपली होती आणि जमिनीला जागोजाग टेंगळं आली होती. प्रत्येक टेंगूळ म्हणजे आपल्या पूर्वजांचं घर नाहीतर देऊळ, असं संशोधक ओतिलियाबाईंनी सांगितलं. त्यातलं एक काकाच्या मक्याच्या शेतात होतं, अगदी मधोमध.

"आम्ही येऊन नुसतं पाहणार," बाई म्हणाल्या.

"नुसतं" हा शब्द काकाला अजिबात आवडला नाही. "आधी पाहतात, मग कुंपण घालतात. या जमिनीचा कागद मिळेपर्यंत माझे केस गेले."

टेंगूळच नसलं तर कुंपण कशाला घालतील? दुसऱ्या दिवशी टेंगळाचे दगड उपसायला त्याने पहार घेतली आणि माझ्या हातात ढकलगाडी दिली.

"काका, रात्री केलं तर?"

"रात्री दगड उचलतो तो चोर. दिवसा उचलतो तो डुकरांचं खुराडं बांधतो."

"आपल्याकडे डुक्कर नाही."

"ते गावभर सांगत फिरू नकोस."

दगड आम्ही बांधापलीकडे टाकले. तिथे काकूच्या भावाची, रेमिखियोची पडीक जमीन होती. दुपारी तो आलाच.

"दाजी, तुमचं टेंगूळ माझ्याकडे राहायला आलंय."

"माझं? बघ की, सपाट आहे सगळं."

"काल होतं."

"तुझ्याकडेच असेल. नीट आठव."

नकाशा रेमिखियोनेही पाहिला होता. तो दगड परत आणायला लागला, आणि तेवढ्यात ओतिलियाबाई पोचल्या. टेंगळाच्या जागी खड्डा होता, खड्ड्यात चुन्याची जुनी जमीन, आणि तिच्यावर आमच्या पहारीचे ताजे घाव.

"हे काय?"

"डुकरांचं खुराडं," काका म्हणाला.

"डुक्कर कुठाय?"

"येणार आहे."

बाई तिथल्याच एका दगडावर बसल्या. "क्रिसान्तोकाका, हे साध्या माणसाचं घर होतं. अशी घरं आम्ही नोंदवतो आणि पुढे जातो. त्यावर तुम्ही मका पेरला असतात तरी चाललं असतं."

"मग आता?"

"आता ही लुटारूंची खोदाई दिसते. चौकशी होईपर्यंत जागा बंद. कुंपण आणि राखणदार."

"कुंपण कुठवर?" रेमिखियोने विचारलं.

"दगड जिथवर गेलेत तिथवर."

रेमिखियोने टोपी काढली आणि काकाकडे बराच वेळ पाहिलं.

"कुणाचं काम असेल, काही कल्पना?" बाईंनी विचारलं.

"इथली माणसं बनेल आहेत," काका म्हणाला. "राखण मीच करतो. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही."

बाईंनी काकाकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, आणि बहुधा चोर डोळ्यासमोर बसलेला बरा, असं ठरवलं.

यंदाचा मका आम्ही कुंपणाच्या दोरीच्या कडेकडेने पेरला. काकू वाकून दाणे टाकत होती. काका दोरीच्या आत खुर्ची टाकून तिच्या पावलांवर डोळा ठेवून होता.