चार्जच्या वहीची खोटी साक्ष

मी एका सरकारी दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डातली चार्जची वही बोलतेय. दवाखान्याचं नाव विचारू नका. परभणीहून एसटीनं तासाभराची वाट, एवढं पुरे.

माझं काम सोपं होतं. एका सिस्टरची ड्युटी संपली की तिनं किती पेशंट, कुणाला सलाईन, कुणाचा ताप उतरला नाही ते माझ्यात लिहायचं आणि 'चार्ज दिला' म्हणून सही करायची. येणारीनं शेजारच्या रकान्यात 'चार्ज घेतला' म्हणून सही करायची. ही दुसरी सही करणारी समोर उभी राहिल्याशिवाय पहिलीनं वॉर्ड सोडायचा नाही. नियम चांगला आहे. मला तो अजूनही पटतो.

सकाळ आठ ते दोन, दुपार दोन ते आठ, आणि रात्र मात्र आठ ते आठ, सलग बारा तास. एक सिस्टर, चाळीस पेशंट. जुन्या बायांची पाठ दुखायची, कुणाच्या सासूचं श्राद्ध असायचं, कुणाचा नवरा वरच्या ऑफिसात असायचा. मग रात्री कुणाच्या वाट्याला? कोर्स पास होऊन नुकत्याच आलेल्या पोरींच्या. पंधरा रात्री झाल्या की पुन्हा पंधरा.

८६ साली मनकर्णा आली. नामांतराच्या दंगलीत तिच्या बापाचं, सितारामचं, छप्पर जळालं तेव्हा ती सातवीत होती. जळक्या घरातून शिकून वर आलेली पोर. अक्षर इतकं टपोरं, की माझी पानं तिच्या ड्युटीची वाट बघायची. नेमणूक मात्र हंगामी, चार-चार महिन्यांची. इनचार्ज केशरबाई सिस्टर तिला म्हणायच्या, "नवी हायेस, आत्ताच अंग मोडून घे. आमी बी असंच केलंय." पहिल्या दोन महिन्यांत तिला साप्ताहिक सुट्टी दोनदा मिळाली.

मग कायम नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलं. परभणीला, गुरुवारी सकाळी अकरा वाजता. तिनं ते महिनाभर आधी केशरबाईंना दाखवलं. तरी बुधवारची रात्र तिलाच लावली. "आठला सुटशील, नऊची एसटी गावंल. अजून काय पायजे?" एवढं बोलून केशरबाई चहाला गेल्या.

गुरुवारी आठ वाजता मनकर्णानं माझ्यात सगळं लिहिलं, सही केली, इस्त्रीचं पातळ पिशवीत घातलं आणि दाराकडं बघत उभी राहिली. गीताबाई सिस्टर यायची होती. आठ वाजले, साडेआठ वाजले, ती आली नाही.

वॉर्डातली आया धुरपताबाई म्हणाली, "जा की माय तू. मी हाय न्हवं इथं."

"सुलाबाईला रक्त जायलंय मावशी. कालच पोट फाडलंय तिचं. कशी जाऊ?"

ती केशरबाईंकडं गेली. "बाई, तुमी घ्या ना चार्ज. फक्त गीताबाई येईस्तोवर."

"इनचार्ज वॉर्ड घेत नसती. थांब जरा, यायलीच आसंल."

नऊची एसटी गेली. मनकर्णानं पिशवी खुंटीला अडकवली आणि सुलाबाईजवळ बसली. नऊ, दहा, बारा, प्रत्येक वेळची नाडी आणि दाब तिनं माझं पान उलटून मागच्या बाजूला लिहिला. सुलाबाई वाचली. त्याबद्दल कुणी तिला शाबास म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.

आता तिची चूक सांगते. सिस्टरांमध्ये एक रिवाज होता. कुणाला उशीर झाला तर तसं लिहायचं नाही, तिचा रकाना कोरा ठेवायचा. ती आली की आठच्याच वेळेवर सही करते, तिची रजा वाचते. आज तिची पाळी, उद्या आपली. अठरा तास उभी राहिलेली ही पोर, तिनंही रकाना कोरा ठेवला. गीताबाई दोनला, स्वतःची पाळी संपता संपता आली, हसत म्हणाली, "लय उपकार झाले बघ," आणि सही ठोकली. चार्ज घेतला, सकाळी आठ. माझ्या अंगावर ते लिहिलं गेलं आणि मी गप्प राहिले. वहीला दुसरं काय येतं?

मनकर्णा चारला परभणीत पोचली, तेव्हा मुलाखतीच्या खोलीला कुलूप होतं. तिनं अर्ज केला, ड्युटीमुळं उशीर झाला, पुन्हा संधी द्या. चौकशीला साहेब आले. त्यांनी मला उघडलं, बोट ठेवलं.

"आठला चार्ज दिलाय, गीताबाईंनी घेतलाय. मग तुम्ही कुठं होतात?"

"साहेब, पान उलटा. बाराची नाडी माझ्याच हातची हाय. मी वॉर्डातच होते."

"इथं सही स्पष्ट आहे. मला शिकवू नका."

गीताबाई खिडकीतून बाहेर बघत होती. केशरबाई म्हणाल्या, "वहीत हाय तेच खरं." धुरपताबाई काही बोलायला गेली, तिला बाहेर काढलं. साहेबांनी मला मिटलं. त्या पोरीची नोकरी चौथ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपली.

आता चौऱ्याण्णव साल आहे. मी अडगळीच्या खोलीत वाळवीच्या शेजारी पडले आहे. संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं, तेव्हा धुरपताबाई झाडू टेकवून माझ्यापाशी बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "आज मनकर्णा इथं पायजे होती." ती पोर आता पूर्ण्याला एका खाजगी दवाखान्यात रोज बारा-बारा तास उभी असते म्हणे. इथं गीताबाई इनचार्ज झाली आहे, आणि नव्या पोरींना सांगते, "आमी बी असंच केलंय."

पुढच्या आठवड्यात आम्ही जुन्या वह्या रद्दीत जाणार आहोत. किराणावाला आमच्या पुड्या बांधेल. जाण्याआधी माझी एकच मागणी आहे. तुमच्यापैकी कुणाच्या हाती ते पान आलं तर त्यातलं मीठ-मिरची ओतून घ्या आणि ते उलटून बघा. बाराची नाडी ब्याण्णव. अक्षर टपोरं आहे, लगेच वाचता येईल.