डिझेल मुरलेली जमीन

डिझेलचा कॅन भिमाजीनं लवंडला आणि निस्तरायला राहिली त्याची बायको सखूबाई. या घरात हे असंच चालत आलं होतं. धरणाच्या पाण्यावर बसवलेल्या इंजिनातलं डिझेल मागं एकदा कुणीतरी काढून नेलं, तेव्हापासून हा गृहस्थ कॅन उशाशी घेऊन झोपायचा. सोमवारी सकाळी अंथरूण गोळा करताना त्याचा पाय लागला आणि चांगलं चार लिटर डिझेल मातीच्या जमिनीनं पिऊन टाकलं. "उन्हानं उडून जाईल," असं म्हणून तो इंजिनाकडं चालता झाला. घरात ऊन कुठून येणार, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

एरवी सखूबाईनंही तो वास सोसला असता. पण चारच दिवसांपूर्वी तिची एकुलती लेक प्रतिभा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना. तिनं नाकाला पदर लावला.

"आई, मला न्हाई सोसायचा ह्यो वास. मला घोडेगावला माघारी सोड. तिथं फरशी हाय, सासूबाई करतील माझं."

सखूबाईला ते ऐकवेना. पहिलटकरीण माहेराहून परत जाणार, तीही वासापायी! लोक बोलतील ते बोलोत, पण नातवंडाला पहिली आंघोळ आपल्या हातानं घालायची, ही तिची किती दिवसांची हौस होती.

"आठ दिस थांब. वास घालवते मी," ती म्हणाली.

तिनं आधी राख पसरली, मग शेणानं सारवलं. तिथंच चुकलं. सारवणाखाली डिझेल कोंडलं आणि ओल लागली की वास नव्यानं वर येऊ लागला. तीनदा सारवून झालं. लिंबाचा पाला जाळला, तर डिझेलच्या जोडीला धुराचाही वास बसला. शेजारच्या कोंडाबाईनं दारातूनच नाक मुरडलं. "सखू, वरवर सारवून काय व्हायचं? उकरावी लागंल जमीन."

मग सखूबाईनं कुदळ घेतली. सकाळी भाताच्या रोपांसाठी राब भाजायचं काम आटपायचं आणि दुपारपासून घरात खणायचं. वीतभर खोल तेलकट माती घमेल्यानं बाहेर टाकली, टेकाडाची तांबडी माती आणून भरली, पाणी मारलं आणि चोपण्यानं चोपत बसली. भिमाजी एकदा डोकावून "लई खोल गेलीस की," एवढं बोलला. प्रतिभा मात्र सारखी म्हणत राहिली, "ऱ्हाऊ दे ना आई, मी जाते ना घोडेगावला." ते ऐकलं की सखूबाईचा हात आणखी जोरात पडायचा.

सातव्या दिवशी दुपारी जमीन बसली. सखूबाईनं लेकीला आत बोलावलं.

"बघ बरं. येतोय का वास?"

प्रतिभानं वास घेतलाच नाही. तिनं आईचे फोड आलेले तळवे पाहिले आणि तिला रडू फुटलं.

"मला वासाचं काय नव्हतंच गं. आबांच्या अंगाला जन्मभर त्योच वास येतोय. बाळ येणार ऐन लावणीत. तू चिखलात वाकणार का माझं बघणार? उठताना भिंतीला धरतीस, मला दिसत न्हाई व्हय? तुला इसावा मिळावा म्हणून वासाचं निमित्त केलं."

सात दिवस, तीसेक घमेली माती. सखूबाईला असा राग आला की चोपणंच फेकून मारावं. पण हात वर होईना.

"मग पहिल्या दिशीच खरं का न्हाई बोललीस?"

"तू जाऊ दिलं असतंस?"

"न्हाई."

सखूबाई त्या ओलसर जमिनीवरच आडवी झाली. पाठ टेकली तसा तिच्या तोंडून मोठा सुस्कारा बाहेर पडला.

"लई दमवलंस गं मला," ती डोळे मिटून म्हणाली. "आता तुला घोडेगावला सोडायचं म्हणलं तर यष्टीपर्यंत चालायचीबी ताकद न्हाई माझ्यात. ऱ्हा हितंच."