जुन्या बिजागऱ्या

मिस्त्रीनं दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं आणि विजयी चेहऱ्यानं वळून पाहिलं.

"ऐकलंत, काका?"

"नाही बुवा. काय ऐकायचं होतं?"

"तेच तर! काहीच नाही. लोणी आहे, लोणी."

ऑपरेटरांनी स्वतः दार ढकलून पाहिलं. नव्या बिजागऱ्यांवर ते मुकाट फिरलं. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती आणि निवृत्तीनंतरही इमारतीत त्यांना ऑपरेटर म्हणूनच ओळखत. कानावरच त्यांचं पोट भरलं होतं. हल्ली त्या कानांना एकच काम उरलं होतं, झोपेतही या दाराची करकर ऐकायची. करकर झाली की उठायचं, बायकोला जिन्यापाशी गाठायचं आणि गोडीगुलाबीनं परत आणायचं.

वेगळ्या राहणाऱ्या मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. आई नावं विसरते, एवढंच तिला माहीत. आई बाहेर निघून जाते हे कळलं असतं, तर तिनं पुन्हा त्या नर्सबायांच्या घराचा विषय काढला असता. तिथं सगळं चांगलं असतं, असं ती म्हणाली होती. फक्त ऑपरेटरांना तिथं राहता येणार नव्हतं.

मुलगी लोकांच्या झोपायच्या खोल्या करून द्यायची. कुणाचं बाळ रडायचं, कुणाचा नवरा तळमळायचा; ती भिंतींचे रंग बदलायची, दिवे मंद करायची, पलंग फिरवायची. बाबांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून तिनं ही खोलीही हाती घेतली होती. जाड पडदे लागले, टिकटिकणारं घड्याळ स्वयंपाकघरात गेलं, पायांखाली गालिचा आला. पलंग दारापासून उचलून पार पलीकडच्या भिंतीला गेला.

"मला दाराकडेच बरं वाटायचं गं," ते पुटपुटले.

"दारात कोण झोपतं, बाबा? वेटिंगरूम आहे का ही?"

"तसं नाही. वारा..."

"खिडकी इकडे आहे."

"हो, तेही खरंच," ते म्हणाले. खरं कारण ओठांपर्यंत आलं होतं. पण मुलगी इतक्या हौसेनं उशांना थोपटत होती, की त्यांनी ते गिळलं.

"आता दोघं जरा पडा. मी मिस्त्रींबरोबर जाऊन उरलेलं सामान आणते."

झोपायचं नाही असं ठरवूनच ते आडवे झाले. बायकोचं मनगट त्यांनी हातात धरलं. ती छताकडे पाहत म्हणाली, "छान आहे हो यांचं घर."

"आपलंच आहे."

"असं का," ती भिडस्तपणे हसली.

अंधार मऊ होता. कुठं टिकटिक नाही, खुट्ट नाही. आपली मुलगी कामात खरंच हुशार आहे, असं काहीसं त्यांच्या मनात आलं, आणि मग काहीच आलं नाही.

जाग आली तेव्हा अंग हलकं वाटत होतं. इतकं हलकं, की ते दचकले. हात रिकामा होता. अंगावर घेतलेली नवी चादरही नव्हती. दार सताड उघडं.

ते अनवाणीच धावले. जिन्याच्या वळणावर मुलगी दिसली, पांढरीफटक. तिनं आईला दंडाला धरलं होतं आणि आईनं चादर घडी करून पोटाशी धरली होती.

"भर रस्त्यात उभी होती, बाबा! गाड्या हॉर्न देतायत, आणि ही..."

"लोकांच्या घरी किती वेळ लोळायचं?" बायको त्यांना म्हणाली. "चादर त्यांची त्यांना देऊन टाकू आणि निघू."

मुलीनं त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हे नेहमीचं आहे ना?"

"दार करकरायचं," ते म्हणाले. "मला कळायचं."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तू तिला नेलं असतंस."

तिनं आईला एक पायरी वर घेतलं. "त्याचं नंतर बघू," ती म्हणाली. 'नाही' आणि 'नंतर' यांतलं अंतर ऑपरेटरांच्या कानांनी बरोबर मोजलं.

वर येताच ती सामान घेऊन मागोमाग आलेल्या मिस्त्रीला म्हणाली, "जुन्या बिजागऱ्या कुठायत?"

"भंगाराच्या पोत्यात. का?"

"परत लावा."

"ताई, आयुष्यभर दारं गप्प केली मी. बोलकं करून द्या म्हणणारं तुमचंच पहिलं घर. माझं नाव तरी सांगू नका कुणाला."

मिस्त्री कुरकुरत स्क्रू पिळू लागला. मुलीनं पलंग एकटीनंच ओढत दाराशी आणला, जुनी विटकी चादर शोधून घातली, घड्याळ खिळ्याला टांगलं. आईनं चादरीवरून हात फिरवला आणि कुणी न सांगताच आडवी झाली.

मिस्त्री गेला. रात्री मुलगी गादी घेऊन खोलीत आली, तसं दार लांबलचक करकरलं. ऑपरेटर ताडकन उठून बसले.

"मी आहे, बाबा." तिनं दाराला लागून गादी टाकली. "आज मी ऐकते."

"तुला गाढ झोप लागते गं. लहानपणापासून."

"नाही लागणार."

ते आडवे झाले. बायकोचं मनगट चाचपून त्यांनी ते हातात घेतलं. थोडा वेळ दाराकडे पाहिलं. मग कूस बदलून त्यांनी दाराकडे पाठ केली.