क्लायंटची खुर्ची

या मित्रांनो, बसा. माझ्यावर नको हं, समोरच्या बाकावर बसा. माझा मागचा पाय आता भरवशाचा राहिलेला नाही. मी एक जुनी लाकडी खुर्ची. या कॉलेजच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी असते. इथे समाजकार्याची पदवी मिळते, तीही साधी नाही, वरची. दुसऱ्याचं दुःख ऐकावं कसं, त्याला मदत करावी कशी, हे इथे दोन वर्षं शिकवतात. त्याची परीक्षा घेतात आणि नापाससुद्धा करतात.

मला ज्या सुताराने घडवलं तो घाईत होता. माझी पाठ त्याने जरा जास्तच कलती बसवली. "चालतंय, कोण बघतंय!" असं म्हणून त्याने मला सरळ पॉलिश मारलं. सुरुवातीला मला प्राचार्यांच्या खोलीत ठेवलं होतं. पण आलेला पाहुणा माझ्यात बसला की मागे रेलायचा आणि ठाण मांडायचा. प्राचार्य वैतागले. "काढा ही बाहेर, हिच्यामुळे माणसं उठतच नाहीत," असं त्यांनी शिपायाला सांगितलं. मला अडगळीत नेत असताना जिन्यापाशी मॅडम भेटल्या. त्या मुलाखतीचं तंत्र शिकवायच्या. त्या माझ्यात बसल्या, हात सैल सोडले आणि हसल्या. म्हणाल्या, "हिच्यात कोणाला ताठ बसताच येत नाही. मला अशीच हवी होती."

झालं, माझं नशीब फळफळलं! मी सरावाच्या खोलीत आले. तिथे फक्त दोन खुर्च्या, एकमेकींकडे जरा तिरक्या वळवलेल्या. मध्ये टेबल नाही. टेबल आलं की माणसाचा साहेब होतो, असं मॅडम म्हणायच्या. समोरच्या खुर्चीत समाजकार्यकर्ता बसायचा. माझ्यात बसायचा तो मदत मागायला आलेला माणूस. त्याला इथे क्लायंट म्हणतात. दोघेही विद्यार्थीच असायचे, आणि बाकीचा वर्ग भिंतीकडेला बसून बघायचा. कोणी दारुडा व्हायचं, कोणी परीक्षेत नापास झालेला मुलगा, कोणी सासूला कंटाळलेली सून. रडायचे काय, हुंदके काय द्यायचे! एकजण तर दारुड्याच्या भूमिकेत इतका रमला, की नंतर कॅन्टीनमध्येही झोकांड्या खात हिंडत होता.

असं होऊ नये म्हणून मॅडमनी एक रीत घालून दिली होती. माझ्यावरून उठलं की माझ्या पाठीवर हात ठेवायचा, आपलं खरं नाव घ्यायचं आणि मोठ्याने म्हणायचं, मुलाने "तो मी नाही," मुलीने "ती मी नाही." मग क्लायंट माझ्यातच राहायचा आणि विद्यार्थी चहाला मोकळा व्हायचा. दारापाशी एक वेताची टोपली होती. आत येताना सगळ्यांनी आपापले फोन तिच्यात टाकायचे, कारण खऱ्या मुलाखतीत फोन घेत नाहीत. आणि मॅडमचा सगळ्यात लाडका धडा म्हणजे, सल्ला द्यायचा नाही. "सल्ला देणारे गल्लोगल्ली पडलेत," त्या म्हणायच्या. "त्याचा प्रश्न हळूच त्यालाच परत द्या. उत्तर त्याच्या तोंडून आलं पाहिजे." मॅडम वाईट नव्हत्या मित्रांनो. हा धडाही वाईट नाही. माझ्यावर बसून कितीतरी जण त्या धड्यामुळेच मोकळे झालेले मी पाहिलेत.

मग एका वर्षी ती आली. वर्गात सगळ्यांत मोठी, म्हणून पहिल्याच दिवशी सगळे तिला ताई म्हणू लागले. डबा वाटून खायची, इतरांची राहिलेली टिपणं पुरी करून द्यायची, पण स्वतःबद्दल विचारलं की विषय बदलायची. तिला क्लायंट व्हायला सांगितलं तेव्हा ती माझ्यात बसली. मागे रेलली नाही. माझ्या बैठकीची कड तिने खालून दोन्ही हातांनी घट्ट धरली.

समोर वकील बसला होता. शब्दाला शब्द लावायचा म्हणून वर्गाने त्याचं हे नाव पाडलं होतं. त्याने छान सुरुवात केली, "आज इथे यावंसं का वाटलं?"

ताई म्हणाली, "माझा मोठा भाऊ आजारी आहे. डोक्याने. आईवडील नाहीत. दवाखान्यातून त्याला घरी पाठवलं, म्हणाले हा कोणाला त्रास देत नाही, घरीच सांभाळा. मी सकाळी निघताना बाहेरून कुलूप लावून निघते."

वर्ग एकदम सरसावून बसला. वकिलाने विचारलं, "किल्ली शेजाऱ्यांकडे देता?"

"आधी द्यायचे. त्यांना दया आली, त्यांनी दार उघडलं. दादा निघून गेला. दिवसभर शोधला तेव्हा बसस्टँडवर सापडला, अनवाणी. तेव्हापासून किल्ली माझ्यापाशीच असते."

शेवटी ती उठली, माझ्या पाठीवर हात ठेवला, नाव घेतलं आणि म्हणाली, "ती मी नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडम म्हणाल्या, "याला म्हणतात तयारी! कुठे वाचलीस गं ही केस?" ताई नुसतीच हसली.

सगळे चहाला गेल्यावर तिने टोपलीतून फोन काढला, शेजारच्या काकूंना लावला आणि परत माझ्यात येऊन बसली. "काकू, जरा दाराला कान लावून बघता का?" ती हळू आवाजात म्हणाली. "चालतोय ना आत? पावलं ऐकू येतात? बरं, बरं. मी येतेच." तेव्हा मला कळलं, ही केस तिने कुठेही वाचलेली नाही. ही तिचीच केस होती.

तिने उघड का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. तेही मला तिच्या पुढच्या फोनांवरूनच समजलं. प्रवेशाच्या वेळी तिला विचारलं होतं, घरी काही जबाबदारी आहे का? इथे दिवस दिवस वस्तीत, दवाखान्यात काम करावं लागतं, जमेल का? ती म्हणाली होती, घरी काही नाही. आता खरं बोलली तर जागा जाईल अशी तिला धास्ती होती. "काकू, एवढी पदवी हातात पडू दे," ती म्हणायची. "संस्थेत नोकरी लागली की राहायला खोली देतात, दादाला बरोबर ठेवता येतं. मग कुलूपच नको." तिची सगळी आशा एवढ्या एका गोष्टीवर टांगलेली होती.

तिची केस वर्गात गाजली. तिने त्या बाईला नाव दिलं नव्हतं, म्हणून सगळे तिला कुलूपवाली म्हणू लागले. "मॅडम, आज कुलूपवालीचा पुढचा भाग होऊ दे ना!" असा दर आठवड्याला हट्ट व्हायचा. कार्यकर्ता बदलायचा, क्लायंट मात्र ताईच. नंतर चर्चा व्हायची. एकजण म्हणे, ही बाई निष्काळजी आहे. दुसरी म्हणे, हिला भावाचा राग आहे, पण ती तो मान्य करत नाही. ताई भिंतीकडेला बसून सगळं ऐकायची आणि लिहून घ्यायची. परीक्षेत येणार होतं ना!

एकदा पुन्हा वकिलाची पाळी आली. त्या दिवशी ताईचा आवाज बसलेला होता. बोलता बोलता ती थांबली आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "तो आता दाराला धडका मारतो. मी जिना उतरेपर्यंत ऐकू येतं. मला सुचत नाहीये काही. मी काय करू? तुम्ही सांगा. खरंच सांगा."

मी जीव मुठीत धरून उभी होते. सांग रे बाबा काहीतरी, मला वाटत होतं. नाहीतर नुसतं ऊठ आणि चल हिच्याबरोबर.

वकील शिकवल्याप्रमाणे जरा पुढे झुकला. मग अगदी मऊ आवाजात तो म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं, काय करता येईल?"

"वा!" मॅडमच्या तोंडून निघून गेलं. "बघितलंत? प्रश्न परत दिला. सुंदर!"

ताई उठली. माझ्या पाठीवर हात ठेवला, नाव घेतलं आणि तिथेच अडकली. "ताई अजून भूमिकेतच आहेत!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. मॅडमही हसल्या, म्हणाल्या, "इतकं रंगून जायचं नसतं गं." ताईने मान हलवली आणि पुढचं वाक्य कसंबसं म्हटलं. तिचा तळवा ओला होता.

आणि मग तो दिवस. ताई माझ्यात बसली होती, समोर वकीलच होता. टोपलीत एक फोन थरथरायला लागला. थांबला, परत सुरू झाला. वेताची टोपली, सगळ्या खोलीत घरघर ऐकू येत होती. ताईने तिकडे पाहिलं आणि ताडकन उठली.

मॅडमना वाटलं, ती प्रसंग वाढवते आहे. त्या वकिलाला म्हणाल्या, "क्लायंट मध्येच उठली. आता काय करशील? सांभाळ."

"तुम्ही अस्वस्थ दिसताय," वकील म्हणाला. "थोडं बसून बोलूया का?"

"मला जाऊ दे," ताई म्हणाली.

"इथून जावंसं वाटतंय तुम्हाला."

"अरे, जाऊ दे मला!" ती किंचाळली, टोपलीतून फोन ओढून घेतला आणि पळत सुटली. दार भिंतीवर आपटलं. मग सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिला जिन्यात नक्की ऐकू गेल्या असतील.

मग सगळे तिची वाट बघत बसले, कारण "ती मी नाही" म्हणायचं राहिलं होतं. ती आली नाही.

ऑफिसातल्या क्लार्कने पुढे कधीतरी सरावाच्या खोलीत येऊन मॅडमना सांगितलं. भाऊ न्हाणीघरात पडला होता. काकूंना तो हाका मारताना ऐकू येत होता. दाराला कुलूप, म्हणून त्या फोन करत राहिल्या. शेवटी शेजाऱ्यांनी कुलूप तोडलं, तोवर हाका थांबल्या होत्या.

"पण ती कधी बोलली नाही," मॅडम म्हणाल्या. आणि बोलता बोलताच त्यांची नजर माझ्यावर आली. त्या खाली फरशीवर बसल्या. वकील दाराशी उभा होता, पांढराफटक. त्याने विचारलं, "मॅडम, ते सगळं खरं होतं?"

"तुला काय वाटतं?" मॅडम म्हणून गेल्या. सवयीने हो, दुसरं काही नाही.

पुढे गुबगुबीत नव्या खुर्च्या आल्या आणि मी व्हरांड्यात आले. मला त्याचं दुःख नाही. एका सकाळी ताई प्रवेशाच्या वेळी दिलेले कागद परत न्यायला आली. क्लार्कने थांबायला सांगितलं, तेव्हा ती माझ्यातच बसली. या वेळी मात्र मागे रेलली. मॅडम वर्गावर निघाल्या होत्या, तिला बघून थबकल्या. म्हणाल्या, "परत ये गं. तुझी जागा मी जाऊ देणार नाही. मी भांडेन सगळ्यांशी."

"कशाला, मॅडम?" ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. "खोली ज्याच्यासाठी हवी होती तो गेला."

मॅडम वर्गावर जायचं सोडून कागद येईपर्यंत तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. कागद मिळाले. ताई उठली आणि जिना उतरून गेली. आता ती कुठे असते, कोणालाच माहीत नाही. आत नवा वर्ग सुरू झाला. नव्या मुली, नवी मुलं, तेच धडे.

मित्रांनो, मला डागडुजी नको, पॉलिश नको. उद्या मला सरपणात घातलंत तरी माझी तक्रार नाही. सांगून काही फरक पडेल असंही मला आता वाटत नाही, तरी सांगते. तुमच्यासमोर बसून कोणी "मी काय करू?" असं विचारलं, तर चांगला प्रश्न शोधत बसू नका. उठा आणि तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत जा. मला चार पाय आहेत, पण त्यांतल्या एकानेही चालता येत नाही. तुम्हाला येतं.