पडद्यासाठी शहर

गावात त्यांना सगळे हनुवटीकाका म्हणत. यात गावाचा काही दोष नव्हता. एकतीस वर्षं ते बसस्टँडसमोरच्या आपल्या स्टुडिओत येईल त्याला स्टुलावर बसवून एकच वाक्य म्हणत आले होते, "हनुवटी थोडी खाली." शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या जोडीपर्यंत गावातली एकही हनुवटी त्यांच्या तावडीतून सुटली नव्हती.

स्टुडिओत मागे एक रंगवलेला पडदा होता. त्यावर बाग, पांढऱ्या पायऱ्या आणि तळ्यात दोन राजहंस. ओल लागून एका राजहंसाची मान गेली, तेव्हा काकांनी त्याच्यापुढे प्लास्टिकच्या फुलांची कुंडी आणून ठेवली आणि वर्षभर वेळ मारून नेली. पण एके दिवशी एक नवं जोडपं आलं. मुलीनं पडद्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला हळूच विचारलं, "हे कबूतर मेलंय का?" जोडपं फोटो न काढताच गेलं, आणि ते वाक्य काकांच्या जिव्हारी लागलं.

"नवा पडदा करायचा," त्यांनी घरी आल्या आल्या जाहीर केलं. "आणि त्यावर शहर पाहिजे. उंच इमारती, मागे आभाळ. हल्ली लोकांना तेच लागतं."

"मग मागवा की छापून," काकू म्हणाल्या.

"दुसऱ्यानं काढलेल्या फोटोपुढे मी माझं गिऱ्हाईक उभं करू?"

काकूंनी वाद घातला नाही. त्यांचा धाकटा भाऊ मोठ्या शहरात होता आणि चार वर्षांत त्याच्याकडे जाणं झालं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांची बॅग भरून दाराशी उभी होती.

हा भाऊ लिफ्टचा मेकॅनिक. शहरातल्या साठ-सत्तर इमारती त्याच्याकडे होत्या, त्यामुळे शहर आपल्याला तळहातासारखं पाठ आहे असं त्याचं म्हणणं. बहीण आणि भाऊजी येणार कळल्यावर त्यानं फोटोच्या जागांची यादीच करून ठेवली होती.

"भाऊजी, तुम्ही फक्त बटण दाबायचं," तो म्हणाला. "जागा माझ्याकडे लागल्या."

काकांनी त्याला आधी नीट समजावून सांगितलं. पडद्यासाठी फोटो काढायचा म्हणजे मधली जागा मोकळी हवी, कारण तिथे गिऱ्हाईक उभं राहणार. इमारतींची रांग माणसाच्या खांद्याच्या रेषेत यायला हवी, नाहीतर डोक्यातून टॉवर उगवल्यासारखा दिसतो. आणि मुख्य म्हणजे फोटोत चिटपाखरू नको.

"चिटपाखरू नको," मेहुण्यानं मान डोलावली आणि त्यांना शहरातल्या सगळ्यात गर्दीच्या पुलावर नेलं.

पुलाच्या मध्यावर चाळीसेक माणसं रांगेत उभी होती. रांग कसली म्हणून विचारलं, तर फोटोची. एकेकानं पुढे जायचं, कठड्याला टेकायचं, लांब कुठेतरी बघतोय असं दाखवायचं आणि परत यायचं. काका मुकाट्यानं रांगेत लागले. पाऊण तासानं नंबर आला, तेव्हा ते कॅमेऱ्याच्या तिपाईचा पाय लांब करायला खाली वाकले.

"काका, उभं कोण राहणार?" मागच्या मुलीनं विचारलं.

"कोणी नाही."

"मग रांगेत कशाला आलात?"

काका पुन्हा तिपाईच्या पायाकडे वळले. तो लांब होईपर्यंत मुलगी पुढे जाऊन कठड्याला टेकली आणि लांब बघायला लागली.

दुसरी जागा घड्याळाच्या मनोऱ्यापुढचा चौक. तिथे पहारेकरी आला. "हातातला कॅमेरा चालेल. तीन पायांचा चालणार नाही. त्याला परवानगी लागते."

"दोन पाय असते तर?" काकांनी वैतागून विचारलं.

पहारेकऱ्यानं मनापासून विचार केला. "तसा येतो का?" तो म्हणाला. "मग विचारावं लागेल."

तिसरी जागा कारंज्याची. तिथे तर काकांचा अवतारच त्यांना नडला. खिशांचं जाकीट, गळ्यात कॅमेरा, डोक्याला टोपी. लोकांना वाटलं, यांना इथे याच कामाला ठेवलंय. एका बाईनं हातात फोन दिला, "आमचा एक काढता का?" एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? संध्याकाळपर्यंत काकांनी सतरा अनोळखी कुटुंबांच्या हनुवट्या खाली करून दिल्या आणि स्वतःच्या कॅमेऱ्याचं झाकणही न काढता ते घरी आले.

स्वयंपाकघरात मेहुणा पाटावर बसून होता. आपली यादी अशी तोंडघशी पाडेल याची त्याला कल्पना नव्हती.

"तू स्वतः कधी गेला होतास त्या जागांवर?" काकूंनी विचारलं.

"मला कुठे वेळ असतो, ताई? दिवसभर वरच असतो."

"वर म्हणजे?"

"गच्चीवर. लिफ्टची मोटर वरच असते."

काकांनी हातातला पेला खाली ठेवला. "बारा वर्षं तू उंच इमारतींच्या गच्चीवर जातोयस, आणि आम्हाला पुलावर रांगेत उभं केलंस?"

"तुम्ही फोटोच्या जागा विचारल्यात," मेहुणा म्हणाला. "गच्चीवर काय आहे? टाकी आहे."

दुसऱ्या दिवशी त्याला एका अठरा मजली इमारतीत जायचंच होतं. तिथली लिफ्ट नऊ दिवस बंद होती आणि हवा तो भाग नुकताच आला होता. गच्चीची किल्लीही त्याच्याकडेच होती. अडचण एवढीच, की लिफ्ट दुरुस्त व्हायच्या आधी वर जायचं म्हणजे पायांनी.

सहाव्या मजल्यावर काकांनी तिपाई मेहुण्याला दिली, नवव्यावर जाकीट आणि तेराव्यावर कॅमेऱ्याची बॅग. मेहुण्याच्या खांद्यावर आधीच हत्यारांची पेटी होती, पण तो वरच्या मजल्यावरून खाली वाकून त्यांना धीर देत होता. काकूंनी तिसऱ्या मजल्यावरच सांगून टाकलं, "तुम्ही व्हा पुढे. मी बसत बसत येते." आणि एका उघड्या दाराशी पायरीवर बसून त्यांनी घरातल्या बाईला पाणी मागितलं.

गच्चीवर पोचल्यावर मेहुण्यानं अभिमानानं मोटरची खोली उघडली. "ही बघा. पंचवीस वर्षांची आहे, पण आवाज ऐका कधी. हिचा घ्या फोटो."

काका तिकडे फिरकलेच नाहीत. ते कठड्याशी गेले होते. समोर नदीचं वळण, पलीकडे उंच इमारती, त्यांची रांग थेट खांद्याच्या उंचीला, आणि मध्ये मोकळी गच्ची. माणूस नावाला नाही. असा पडदा जन्मात एकदाच मिळतो. फक्त ऊन अजून डोक्यावर होतं. चार वाजता ते तिरकं झालं की सगळ्या भिंती उजळतील, असा हिशेब करून त्यांनी तिपाई रोवली आणि सावलीत बसून राहिले.

पावणेचारला जिन्यात बोलणं ऐकू आलं. आधी काकू आल्या, आणि त्यांच्यामागून माणसं येतच राहिली. बारा, पंधरा, वीस. सगळ्यांचे केस विंचरलेले, कपडे इस्त्रीचे.

झालं होतं असं. काकू प्रत्येक मजल्यावर बसल्या होत्या, प्रत्येक मजल्यावर पाणी प्यायल्या होत्या आणि प्रत्येक घराची रामकहाणी ऐकून आल्या होत्या. इमारतीच्या सेक्रेटरीनं नोटीस लावली होती, की फाटकावरच्या नव्या ओळखपत्रासाठी सगळ्यांनी शुक्रवारपर्यंत फोटो द्यायचे, नाहीतर आत सोडणार नाही. आणि लिफ्ट बंद. म्हाताऱ्या माणसांनी फोटोला खाली जायचं कसं, आणि गेलं तर परत यायचं कसं? तेव्हा काकूंनी सांगितलं होतं, फोटोवाला वर गच्चीवरच बसलाय. तळमजल्याच्या लोकांनाही ते सोयीचं वाटलं.

"अगं, मी इथे शहर काढायला आलोय," काका दबक्या आवाजात म्हणाले. "चार वाजत आले. ऊन जाईल."

"शहर कुठे जातंय?" काकू म्हणाल्या. "ही माणसं अठरा मजले चढून आलीत."

काकांनी एकदा नदीकडे पाहिलं आणि एकदा त्या रांगेकडे. मग त्यांनी तिपाई उचलली, शहराकडे पाठ केली आणि पाण्याच्या टाकीच्या पांढऱ्या भिंतीसमोर मांडली. कुणीतरी स्टूल आणलं.

पहिल्याच बसल्या सोळाव्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई. ताठ कणा, काठी गुडघ्यावर आडवी.

"हनुवटी थोडी खाली," काका म्हणाले.

"का?"

"फोटो चांगला येतो."

"चाळीस वर्षं मोठमोठ्या डॉक्टरांपुढे खाली घातली नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्यापुढे का घालू?"

एकतीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. काकांनी नाइलाजानं तसाच फोटो काढला, मग तो कॅमेऱ्यात पाहिला, आणि थोडा वेळ पाहतच राहिले. इतका चांगला चेहरा त्यांच्या हातून बऱ्याच दिवसांत उतरला नव्हता. पुढच्या माणसाला ते काहीच बोलले नाहीत. तो आपणहून हनुवटी खाली करून बसला, तर म्हणाले, "बसा तुम्हाला हवं तसं."

मधे एक गृहस्थ अर्धीच दाढी करून आले, कारण बोलावणं आलं तेव्हा तेवढीच झाली होती. त्यांची उजवी बाजू घेता येईल का असा त्यांचा प्रश्न होता. ओळखपत्राला दोन्ही बाजू लागतात म्हणून काकांनी त्यांना परत पाठवलं, आणि ते पाच मजले उतरून, दाढी पुरी करून, पुन्हा चढून आले. एका जोडप्याचं आपसात बोलणं बंद होतं. त्यांना ओळखपत्रासाठी वेगवेगळे फोटो हवे होते. तरी काकूंनी दोघांना एकत्र उभं करून एक जास्तीचा काढायला लावला.

शेवटचा माणूस उठला तेव्हा साडेसहा झाले होते. ऊन कधीच गेलं होतं. काकांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि तिपाई मिटायला घेतली. उद्या सकाळची परतीची गाडी होती.

तेवढ्यात मोटरच्या खोलीतून घरघर आली आणि मेहुणा हात पुसत बाहेर आला. "झाली चालू."

गच्ची दोन मिनिटांत रिकामी झाली. नऊ दिवस लिफ्ट नव्हती, त्यामुळे ज्याला त्याला बसून बघायची होती. काम नसताना लोक खाली गेले आणि तसेच वर आले. काकूही त्यांच्याबरोबर दोन फेऱ्या मारून आल्या.

आता गच्चीवर काका आणि मेहुणा दोघंच. आभाळ गडद निळं झालं होतं, कडेला तांबडी रेघ उरली होती, आणि समोरच्या इमारतींत एकेक खिडकी उजळत होती. तिन्हीसांजेचा फोटो पडद्याला चालत नाही, असं काका आयुष्यभर सांगत आले होते. पण समोर दिसत होतं त्याच्यापुढे त्यांचं काही चालेना. त्यांनी तिपाई पुन्हा उघडली, मेहुण्याला फोटोत येणार नाही असं बाजूला उभं करून जागेवरून हलू नको म्हणून सांगितलं, आणि श्वास रोखून पाच फोटो घेतले.

मेहुणा कठड्याला धरून उभा होता. "भाऊजी," तो म्हणाला, "हे सगळं रोज असतं इथे?"

"असणारच."

"मी कधी बघितलंच नाही." मग त्यानं बोट दाखवलं. "त्या तिसऱ्या इमारतीची लिफ्ट पण माझ्याकडेच आहे. ती पण बंद आहे."

पंधरा दिवसांनी पडदा छापून आला. काकांनी तो स्टुडिओत टांगला, पुढे दोन दिवे लावले आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलं. इमारतींची रांग बरोबर खांद्याच्या रेषेत होती.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पोस्टमनचं कुटुंब, नवरा-बायको आणि पाच वर्षांची मुलगी. आईवडील जाऊन उभे राहिले. मुलगी दारातच थांबली.

"ये ना," आई म्हणाली.

"मी नाही. पडेन मी खाली."

वडिलांनी पडद्याला हात लावून दाखवला, आईनं समजूत घातली, काकूंनी साखरेची गोळी दिली. मुलीनं गोळी घेतली, पण पडद्यावरच्या कठड्यापासून दोन हात लांबच राहिली. शेवटी आईवडीलच पुढे सरकले, ती त्यांच्या मधे उभी राहिली आणि दोघांची बोटं घट्ट धरून एकदा मागे, खाली बघून घेतलं. काकांनी तेव्हाच बटण दाबलं.

त्या दुपारी काकांना जेवण दोन घास जास्त गेलं.